मिठाच्या दोन बरण्या

आमच्या ऑफिसात एक बाई आहे. कुणाचं घर बांधायचं ठरलं की कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ती त्या कुटुंबाच्या सध्याच्या घरी जाऊन दिवसभर ठाण मांडते. सकाळी जाते, तिथेच जेवते, दुपारी त्यांच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि संध्याकाळचा चहा झाल्यावर उठते. म्हणून तिचं नाव पडलं पाहुणी. तिला खरं नावही आहे. पगाराच्या दिवशी ते ऐकू येतं आणि ही कोण नवीन म्हणून सगळे इकडेतिकडे बघतात.

आमची कंपनी लहान आहे आणि मापाची घरं बांधते. शिंपी माप घेऊन शर्ट शिवतो तसं. तयार फ्लॅट घेणारे आमच्याकडे येत नाहीत. येतात ते असे, ज्यांनी प्लॉट घेतलेला असतो, मासिकांतली चित्रं कापून ठेवलेली असतात, आणि त्या चित्रांवरून नवराबायकोचं एक मोठं भांडण होऊन गेलेलं असतं. नकाशा पाहुणी काढते. तो उभा राहील की पडेल हे मी बघते, कारण मी इंजिनिअर आहे. आमच्या दोघींच्या वर मालक.

मालक आर्किटेक्ट आहेत आणि त्यांचं काचेवर प्रेम आहे. बायकोवर असतं तसं नव्हे, नव्या गाडीवर असतं तसं. कुठलाही नकाशा पुढे ठेवा, ते पेन्सिल उचलतात, एक भिंत खोडतात आणि तिथे काच लावतात. "घर कसं मोकळं वाटलं पाहिजे," म्हणतात. त्यावर पाहुणी म्हणते, "सर, मोकळं तर मैदान असतं. तिथे कुणी राहत नाही, कारण भांडल्यावर जाऊन बसायला खोली नसते."

पाहुणी उंचीला बेताची आणि रुंदीला सढळ आहे. कमरेच्या पट्ट्याला कायम एक पिवळा टेप अडकवलेला. त्याचे सुरुवातीचे आकडे घासून गेलेत, म्हणून ती मधूनच मोजायला सुरुवात करते आणि मग वजाबाकी करते. वजाबाकी चुकली की टेपला शिव्या घालते. नवा टेप घे म्हटलं तर म्हणते, "नव्याचे आकडे स्वच्छ असतात, पण त्याला काही अनुभव नसतो."

तिचं बालपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. वडिलांची नोकरी बदलीची नव्हती, स्वभाव भांडणाचा होता. घरमालकाशी वाजलं की सामान हलायचं. प्रत्येक नव्या खोलीत आई पहिल्या दिवशी सगळीकडे नजर फिरवायची आणि म्हणायची, "सवय करून घेऊ." नळ दाराबाहेर आहे? सवय करून घेऊ. खिडकी उघडली की शेजाऱ्यांचं न्हाणीघर दिसतं? सवय करून घेऊ, त्यांनीही करून घ्यावी. स्वयंपाक घरमालकिणीच्या ओट्यावर, ती बाजूला उभी राहून तेल मोजत असते? सवय करून घेऊ. या एका वाक्याची पाहुणीला अशी चीड बसली की ती घरांची डिझाइनर झाली. काही मुली सूड घ्यायला पोलिसात जातात.

तिच्या घरांत दिखाऊ काही नसतं. पण प्रत्येक बेडरूममध्ये ती भिंतीत एक कोनाडा ठेवते, अर्ध्या मळलेल्या कपड्यांसाठी. "जगातल्या प्रत्येक घरात एक खुर्ची असते," ती म्हणते, "जिच्यावर कुणी बसत नाही, कपडे बसतात. धुवायला टाकायचे नाहीत आणि कपाटात ठेवायची लाज वाटते असे. त्या खुर्चीला मी जागा दिली, एवढंच." मालकांच्या माहितीपत्रकात या कोनाड्याच्या फोटोत एक फुलदाणी आहे.

आणि पाहुणचाराच्या दिवसावर तिचा पक्का विश्वास. "विचारलं तर लोक कसं राहायला आवडेल ते सांगतात. कसे राहतात ते बघायला जावं लागतं." एकांना घरात सिनेमाची खोली हवी होती. पाहुणीने बघितलं, तर टीव्ही लागला की अख्खं कुटुंब घोरायला लागतं. तिने त्यांना मंद उजेडाची, गारव्याची खोली दिली, टीव्ही कोपऱ्यात लावला. ते अजून आमचे आभार मानतात, की काय सुंदर सिनेमाची खोली दिलीत!

मालकांना मात्र हा दिवस खुपायचा. एक माणूस दिवसभर ऑफिसात नाही, आणि परत येऊन काय दाखवतो, तर चपला कुठे काढतात त्याचं चित्र. त्यात मागच्या एका घरात स्लॅब ओतून झाल्यावर त्या घरच्या बाईंनी जिना फिरवून मागितला. चूक पाहुणीची नव्हती, त्या बाईंच्या जावेने घर बघून नाक मुरडलं होतं. पण मालकांना कारण मिळालं.

"पुढच्या घरात लागलेली वीट लागलेलीच राहिली पाहिजे," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "एक जरी वीट फोडावी लागली, तर पाहुणचार बंद. आपण तयार नमुने ठेवू, गिऱ्हाइकांनी त्यातलं एक निवडायचं."

"मान्य," पाहुणी म्हणाली. वर हेही म्हणाली, की फोडावी लागली तर ती स्वतः जन्मभर त्यांच्यासाठी बाथरूमच्या टाइल्सचे नकाशे काढेल. हे तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तोंडाला कुलूप नसण्याचे असे फायदे असतात.

पुढचं घर आलं ते दाताच्या डॉक्टरांचं. घरात चौघं. डॉक्टर, शाळेत गणित शिकवणारी त्यांची बायको, डॉक्टरांची आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. पाहुणी ठरल्या दिवशी गेली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली ती तरंगतच.

"अगं इंजिनिअर, असं घर मी बघितलं नाही गं. डॉक्टर सकाळी खिडकीशी बसून पुस्तक वाचतात. जाडजूड. मुलगी गिटार वाजवते. आणि सासू-सून! एका ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या, हसत होत्या. सासूबाई म्हणतात, 'तू बस गं, दमून येतेस.' सून म्हणते, 'आई, तुम्ही बसा.' दोघीही बसेनात. शेवटी मीच बसले."

"काही खटकलं नाही?" मी विचारलं.

"खटकायला काय? उलट किती बारकाई! ओट्याच्या या टोकाला एक मिठाची बरणी, त्या टोकाला दुसरी. चहा-साखरेचे डबेसुद्धा दोन-दोन. म्हणजे दोघींच्या हाताशी सगळं. याला म्हणतात एकोपा."

मग तिने असा काही नकाशा काढला की मालकांनीसुद्धा तो दोनदा बघितला. घराच्या मधोमध मोठं स्वयंपाकघर, त्यात समोरासमोर दोन ओटे, म्हणजे सासू-सुनेला एकमेकींचं तोंड बघत काम करता येईल. प्रत्येक ओट्याला स्वतःची शेगडी आणि मिठासाठी स्वतःची फळी. पूर्वेच्या खिडकीत डॉक्टरांना वाचायला गादीची बैठक. मुलीला गिटारसाठी आवाज बाहेर न जाणारा कोपरा. मालकांनी फक्त एका भिंतीची काच केली, तीही सवयीने.

नकाशा दाखवला त्या दिवशी चौघं आमच्या ऑफिसात ओळीने बसले होते. पाहुणी एकेक खोली समजावत गेली. स्वयंपाकघर आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगबाई, समोरासमोर!" सून म्हणाली, "समोरासमोर... वा." डॉक्टर म्हणाले, "फारच छान, नाही का?" मुलगी मोबाइलमध्ये बघत हसली. चौघांनी नकाशावर सह्या केल्या. आता मागे वळून बघताना मला त्या "वा"च्या आधीचं अंतर आठवतं. तेव्हा वाटलं, भारावल्या असतील.

पाया झाला, भिंती खिडक्यांच्या वर चढल्या. त्या टप्प्यावर आम्ही कुटुंबाला साइटवर बोलावतो. कागदावर खोली कुणालाच कळत नाही. विटा उभ्या राहिल्या की कळते. गवंड्याने दोन्ही ओट्यांचे कट्टे रचून ठेवले होते, वर फळ्या टाकल्या होत्या.

"उभ्या राहून बघा ना," पाहुणी म्हणाली.

सासूबाई या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. सून त्या ओट्याशी. दोघींच्या मध्ये हात लांब केला तर पोचेल एवढीच जागा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग सासूबाईंनी विटांकडे बघितलं आणि सुनेने वर, जिथे अजून छतही नव्हतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अनोळखी माणसं समोरासमोर बसतात, तशा त्या उभ्या होत्या.

"उंची बरोबर आहे ना?" पाहुणीने विचारलं.

"उंची एकदम बरोबर आहे," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघी एकदम बाहेर पडायला निघाल्या. दारात धडकल्या. "तू जा." "नाही, तुम्ही जा आई." त्या दिवशी घरी जसं ऐकलं होतं तसंच. पण घरी पाहुणी हसली होती, इथे हसली नाही. परतताना गाडीत तिने टेप बाहेर ओढला, सोडला, ओढला, सोडला. तो खाटकन आत जायचा आवाज पूर्ण रस्ताभर ऐकला मी.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर सून एकटीच ऑफिसात आली. मालक बाहेर गेलेले. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि पेला हातातच धरून बसली.

"ताई, तुम्हाला एक सांगते, पण घरी कळता कामा नये. त्या दिवशी तुम्ही आलात ना, ते आम्ही... म्हणजे तसं आम्ही रोज नसतो."

"म्हणजे कसं नसता?"

"आई सकाळी स्वयंपाक करतात. मी संध्याकाळी. त्या असताना मी ओट्याशी जात नाही, मी असताना त्या येत नाहीत. माझं लग्न झालं त्यानंतर वर्षभर रोज भांडणं व्हायची. मीठ किती घालायचं, भांडं कुठे ठेवायचं. मग हे आपोआप ठरलं. कुणी बोललं नाही, पण ठरलं. बरण्यासुद्धा वेगळ्या झाल्या. तेव्हापासून आमचं छान आहे हो, खरंच छान आहे. त्यांना बरं नसलं की मी रात्रभर बसते. पण स्वयंपाकघरात नाही."

"आणि त्या दिवशी हसत काय होता?"

"तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जरा नीट वागा, बाहेरचं माणूस येतंय. आईंना माझी सुरी कुठे असते ते माहीत नव्हतं, म्हणून त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मला त्यांचा चाकू सापडत नव्हता, म्हणून मी हसत होते."

पाहुणीने माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरकडे बघितलं.

"आता काय करू म्हणता?" पाहुणीने विचारलं.

"आता काय होणार? भिंती झाल्या. सह्या झाल्या. मी बदल मागितला तर आईंना वाटेल मला त्या नकोत. राहू दे, ताई. मी सवय करून घेईन."

ती गेली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. सासूबाई होत्या. कुणी ऐकू नये म्हणून इतक्या हळू बोलत होत्या की पाहुणीने फोनचा आवाज वाढवला, आणि तो मलाही ऐकू आला.

"बाई, तुम्ही रागावू नका, पण तो समोरचा ओटा जरा लांब नेता येईल का? थोडासा. म्हणजे, बागेत वगैरे." मग एक उसासा. "नाही जमलं तर राहू दे. तिला काही बोलू नका हं, पोर गुणी आहे. वाईट वाटेल तिला. मी बघते, या वयात काय, सवय करून घ्यायची."

पाहुणीने फोन ठेवला आणि सरळ मला म्हणाली, "दोघींनीही तेच म्हणावं? ठरवून छळतात का मला?"

डॉक्टरांचं आणि मुलीचं तर सुनेने जाता जाता वेगळंच सांगितलं होतं. त्यांनी ते जाडजूड पुस्तक त्या सकाळी शेजारच्या वकिलांकडून आणलं होतं. गिटार मुलीच्या मैत्रिणीची होती, तिला फक्त एकच धून येत होती आणि ती तिने दिवसभर वाजवली होती. थोडक्यात, आम्ही एक सुंदर घर बांधत होतो आणि त्यात राहणारं कुटुंब जगात कुठेच नव्हतं.

संध्याकाळी पाहुणीने हे सगळं घरी आईला सांगितलं. तिची आई आता तिच्याकडेच असते, दोन खोल्यांत, आणि दिवसभर लेकीच्या संसारात खुसपटं काढते. ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, पाहुण्यांसमोर कोण खरं वागतं? मी तुझ्या बापाशी फक्त पाहुण्यांसमोर गोड बोलायचे. म्हणून तर तो सारखा कुणाला तरी घरी आणायचा."

"आणि मी इतकी वर्षं लोकांच्या घरी जाऊन हेच बघत आले?"

"चांगलंचुंगलं जेवलीस ना? मग."

दुसऱ्या दिवशी पाहुणीने मला हे शब्दाशब्दाने सांगितलं आणि मग दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिली. तिचं दुखणं मला कळत होतं. तिने तोंड उघडलं नाही तर कुणीच उघडणार नव्हतं. नकाशावर सह्या होत्या. घर वेळेवर झालं असतं, मालकांनी फोटो काढून घेतले असते, एकही वीट हलली नसती आणि पाहुणचाराचा दिवस वाचला असता. फक्त दोन बायका रोज एकमेकींचं तोंड बघत, गोड हसत, आतून चडफडत भाजी चिरत राहिल्या असत्या. मेल्यावरच सुटल्या असत्या.

"एका खोलीच्या दोन करायच्या तर किती फोडावं लागेल?" तिने विचारलं.

"मधली भिंत नवी, तिचं काही नाही. पण मग मागच्या खोलीला खिडकी लागेल, दार लागेल. त्या बाजूची भिंत वरपर्यंत झाली आहे. दोन ठिकाणी फोडावी लागेल."

"म्हणजे वीट हलणार."

"बऱ्याच हलणार."

तिने टेप ओढला. सोडला नाही. तसाच बाहेर लोंबकळत ठेवून म्हणाली, "माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या ओट्यावर सवय करून घेतली. त्या ओट्याला तरी नाइलाज होता, तो कुणीतरी आधीच बांधलेला होता. हा मी बांधतेय."

शनिवारी पाहुणीने सगळ्यांना साइटवर बोलावलं. मालकही आले, कारण त्यांना काचेची भिंत बघायची होती. पाहुणी दोन ओट्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडून एक घोटाळा झालाय," ती म्हणाली. "वारा या खिडकीतून आत येतो आणि सरळ मागच्या भिंतीकडे जातो. मध्ये दोन शेगड्या समोरासमोर. म्हणजे या ओट्यावर काही तळायला घेतलं की सगळा धूर त्या ओट्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत. हे मला आधी सुचलं नाही. मध्ये भिंत घालावी लागेल. दोन वेगळी स्वयंपाकघरं करावी लागतील."

वारा त्या प्लॉटवर भलत्याच बाजूने यायचा. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि डोक्यावरचा रुमाल हाताने धरून उभा असलेल्या गवंड्यालाही माहीत असावं. ती माझ्याकडे वळली. "काय इंजिनिअर, बरोबर ना?"

"अगदी," मी म्हणाले. "धुराचा दाबच तसा असतो." धुराचा दाब नावाची गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात भेटलेली नव्हती.

"पण वर चिमणी बसवली तर?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या दवाखान्याशेजारच्या हॉटेलात बसवली आहे. एवढं तळतात, पण धुराचा..."

"तुम्ही गप्प बसा हो," सून म्हणाली.

"तुला काय कळतंय स्वयंपाकातलं?" सासूबाई म्हणाल्या. "कधी गेलास का ओट्याशी? धूर म्हणजे काय असतो ते आम्हाला विचार."

"आईंच्या डोळ्यांना त्रास होईल ना."

"माझं सोड, हिला चष्मा आहे, काचेवर सगळी वाफ."

"एकच भिंत तर घालायचीय."

"जाड घाला हो," सासूबाई पाहुणीला म्हणाल्या. "धूर फार चिवट असतो."

डॉक्टर आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघराच्या विषयावर आई आणि बायको एका बाजूने बोलतायत हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते म्हणाले, "बरं बाबा, घाला," आणि कोपऱ्यात जाऊन मुलीच्या मोबाइलमध्ये डोकावायला लागले.

गाडीशी आल्यावर मालक म्हणाले, "पाहुणीबाई, चूक तुमची?"

"माझीच, सर."

"वाऱ्याची?"

"वाऱ्याचीच."

त्यांनी झाडाकडे बघितलं. झाडाची पानं विरुद्ध दिशेला हलत होती. मालक काचेचे वेडे असले तरी मूर्ख नाहीत. पण शब्द म्हणजे शब्द. "पाहुणचार बंद," ते म्हणाले. "टाइल्सचं तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही असं समजा. तुम्ही काढलेल्या टाइल्स मलाच बघाव्या लागतील."

भिंत बांधली. खिडकीसाठी भिंत फोडली, दारासाठी फोडली. पाहुणीने त्या मधल्या भिंतीत एक छोटीशी खिडकी ठेवली, एखादं पातेलं जाईल एवढी. तिला लाकडी झडप आणि कडी दोन्ही बाजूंनी. "कडी दोन्ही बाजूंनी कशाला?" गवंड्याने विचारलं. ती म्हणाली, "कारण तोंडं दोन आहेत."

घर झालं. कुटुंब राहायला गेलं आणि आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. आम्ही गेलो, तर सगळं पुन्हा सुरू. डॉक्टर खिडकीतल्या बैठकीवर तेच वकिलांचं पुस्तक घेऊन बसलेले. खूण पहिल्या दिवशी होती त्याच पानावर. सासू-सून टेबलाशी शेजारी-शेजारी उभ्या राहून वाढत होत्या, एकमेकींना "तू बस", "तुम्ही बसा" म्हणत. मुलगी एक धून वाजवून दाखवायला निघाली होती, पाहुणीने तिला हात जोडले. आम्ही भरपेट जेवलो आणि निघालो. घरी पोचल्यावर पाहुणीचा मला फोन आला. टेप तिथेच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर जाता जाता आम्ही तो आणायला थांबलो. आधी कळवलं नव्हतं. दार मुलीने उघडलं, एका हातात दात घासायचा ब्रश, आणि "आत या" असं काहीतरी म्हणून आत पळाली.

खिडकीतल्या बैठकीवर डॉक्टर आ वासून झोपले होते. पुस्तक उशीखाली होतं, उशीची उंची वाढवायला. गिटारच्या कोपऱ्यात बुटांचे खोके रचलेले होते. अर्ध्या मळलेल्या कपड्यांचा कोनाडा मात्र तुडुंब भरला होता. तो बघून पाहुणीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

पुढच्या स्वयंपाकघरात सासूबाई रेडिओ लावून काहीतरी ढवळत होत्या. पाहुणीला बघून त्यांनी आधी केस सारखे केले. टेप त्यांनी डब्यांवर नीट ठेवला होता.

"कसं वाटतंय?" पाहुणीने विचारलं.

"फार बरं आहे हो. धूर अजिबात नाही." मग आवाज खाली आणून, "ती मधली खिडकी आहे ना, माझ्याकडची कडी मी काढूनच ठेवते. म्हटलं, तिला काही लागलं तर. पण तिच्याकडून लावलेली असते."

मागच्या दाराने आम्ही दुसऱ्या स्वयंपाकघरात गेलो. सून शाळेत जायच्या गडबडीत उभ्याउभ्याच चहा पीत होती, भिंतीला पाठ टेकून. पलीकडचा रेडिओ तिथे ऐकू येत होता आणि ती तो ऐकतही होती, कारण बातम्यांमधल्या कशावर तरी ती नाक उडवून हसली.

"ताई, तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "आणि ती खिडकी छान केलीत. मी माझी कडी उघडीच ठेवते. आईंची लावलेली असते, पण असू दे."

तेवढ्यात ती पेला धुवायला वळली. पाहुणीने एका बोटाने झडप ढकलली. झडप उघडली. पलीकडे सासूबाईंची पाठ आणि शेगडीवरचं पातेलं दिसलं. पाहुणीने झडप तितक्याच हळू लोटून घेतली आणि मला खुणेने बाहेर चल म्हणाली.

"सांगायचं नाही का?" फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं.

"खबरदार! सांगितलं तर उद्यापासून दोघी खरंच कड्या लावतील." तिने टेप कमरेला अडकवला, मग पुन्हा काढून हातात घेऊन त्याच्याकडे बघितलं. "इंजिनिअर, सगळं घर आज दिसलं गं. काल जेवलो तेव्हा काहीच नाही, आणि आज पाच मिनिटांत सगळं. हा मी पहिल्या घरापासून विसरायला हवा होता."

महिन्याभराने ऑफिसात नवं जोडपं आलं. मालकांनी तयार नमुन्यांची जाड वही त्यांच्यापुढे ठेवली, काचेकाचेने भरलेली. जोडप्याला त्यातलं एक आवडलंही. पाहुणी फक्त त्यांचं जुनं सामान नव्या खोल्यांत बसेल का, ते मोजायला म्हणून अर्धा तास त्यांच्या घरी जाऊन आली. परत आली तेव्हा तिच्या कमरेचा पट्टा मोकळा होता.

"टेप विसरले, सर," ती म्हणाली.

मालकांनी वहीवरून डोळे वर केले. "ऑफिसात आणखी टेप आहेत."

"ते नवे आहेत, सर. त्यांना अनुभव नाही."

मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी धुराच्या दाबाच्या वेळी केला होता तसाच चेहरा केला.

"कधी आणणार?" मालकांनी विचारलं.

"उद्या सकाळी. त्यांचे दात घासून व्हायच्या आत."